कॅसेटमधलं मिठागर

मित्रांनो, तुम्ही काल मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा माझ्या पोटात मावणार नाही. अठ्ठेचाळीस किलोबाईट, एवढीच माझी स्मृती. रंग मोजून आठ. गळा असा, की एका वेळी एकच सूर निघावा. मला स्वतःचा पडदाही नाही. टीव्हीला जोडलं तर मी दिसतो, एरवी मी म्हणजे रबरी कळांचा एक काळा चपटा ठोकळा. तरीही मी संगणक आहे. पनवेलजवळच्या एका गावात, मिठागरावर राबणाऱ्या माणसांच्या घरी मी आलो, आणि पस्तीसहून जास्त वर्षं त्यांच्या माळ्यावर गप्प पडून राहिलो. गप्प राहण्याचं मला वाईट वाटत नसे. पण एका निरपराध मुलाच्या बाजूची साक्ष माझ्यापाशी होती आणि ती मला देता येत नव्हती. गेल्या महिन्यात ती दिली गेली. तेव्हापासून मला इतकं हलकं वाटतंय, की ही गोष्ट तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. शिवामामा बोटीवर फिटर होता. सिंगापूरच्या बाजारात त्याने मला पाहिलं, टॉवेलात गुंडाळलं आणि बहिणीच्या घरी आणलं. बहीण भामा, तिचा नवरा काळूराम, सोळा वर्षांची शशिकला आणि बारा वर्षांचा हरेश, एवढं ते घर.

"पोरांना खेळाला आणलाय," मामा म्हणाला. "टीव्हीला लावा, टेपरेकॉर्डर जोडा, झाला कम्प्युटर."

हरेश खेळला. माझ्या कळा त्याने इतक्या बडवल्या, की त्यांतल्या एकीवरचं अक्षर महिन्याभरात पुसलं गेलं. शशिकला मात्र माझ्यासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचत बसे. तिला चित्र काढायचं होतं.

चित्राच्या बाबतीत मी फार अडेलतट्टू आहे, हे कबूल करतो. माझा पडदा छोट्या छोट्या चौकोनांत विभागलेला असतो आणि एका चौकोनात दोनच रंग बसतात. तिसरा घातला, की आधीचा पळतो. तिने माड काढला, तर आभाळ हिरवं झालं. होडी काढली, तर पाणी लाल. आलेखाच्या कागदांवर ती ठिपके मोजायची, आकडे मांडायची आणि चिडून खोडायची.

एके दिवशी ती वडिलांची भाकरी घेऊन मिठागरावर गेली आणि परत आली ती धावतच.

"बा, आपला मिठागर यात बसतोय! सगळे चौकोनच हायेत की!"

काळूरामही मागोमाग आला होता. तो माझ्याकडे वाकून बघत म्हणाला, "आख्खा मिठागर? यात?"

खरंच होतं ते. मिठागर म्हणजे बांधांनी आखलेले पाण्याचे वाफे. कुठे निळं पाणी, कुठे पांढरं होत चाललेलं. माझा जो दोष होता, तोच तिच्या चित्राला सोयीचा पडला. दोन महिने ती चित्रामागे होती. वाफे झाले, बांध झाले, कडेला मिठाची रास झाली आणि बांधावर लांब दांड्याची फळी ओढणारा, अकरा ठिपके उंचीचा एक माणूस उभा राहिला.

"हा मी?" काळूरामने विचारलं. "मग माझी टोपी कुठं हाय?"

शशिकलाने त्याला एक ठिपका टोपी दिली. काळूराम खूश झाला आणि शेजाऱ्यांना बोलावून आणून तो ठिपका दाखवू लागला.

चित्र झालं, पण ते मुकं होतं. भामा गावाची धवलारीण होती. लग्नात बायका जे धवले गातात, ते तिच्या गळ्यातून ऐकायला पाच गावांची माणसं तिला बोलवायची. शशिकलाने ठरवलं, की मिठागराच्या चित्रामागे आईचा धवला वाजला पाहिजे. झालं, भामा तांदूळ निवडत गुणगुणायची आणि शशिकला माझ्याकडून एकेक सूर काढून बघायची.

"हा?"

"नाय. आनखी वर."

"हा?"

"आता लय वर गेलीस. त्याला जरा दम खाऊ दे."

असं करत करत मी धवला शिकलो. माझा आवाज म्हणजे डबीत अडकलेल्या माशीसारखा. पण पहिल्यांदा सबंध धवला वाजला तेव्हा भामाच्या सुपातले तांदूळ तसेच राहिले. "गं बाय," एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, इथे एक गोष्ट सांगायला हवी. वीज बंद झाली, की मी केलेलं सगळं विसरतो. चित्रं विसरतो, सूर विसरतो. माणसं विसरत नाही, ते वेगळं. म्हणून माझं काम कॅसेटवर उतरवून ठेवत. चित्राचा आवाज होई, चीं चीं घर्र, आणि तो टेपवर बसे. पुन्हा हवं असलं, की टेप मला ऐकवायची. मी सहा मिनिटं कान देऊन ऐकायचो आणि चित्र परत उभं करायचो. शशिकलाने तिचं मिठागर असं एका कॅसेटवर उतरवलं आणि वेष्टणावर निळ्या शाईने नाव लिहिलं.

तिच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. ती आता बारावीला होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, ज्या टेपरेकॉर्डरवर तिने सगळं उतरवलं होतं, त्याने मान टाकली. आतला पट्टा तुटला आणि एक दातेरी चाकही मोडलं. काळूराम तसाच पनवेलला गेला आणि संध्याकाळी रेडिओ असलेला नवा टेपरेकॉर्डर घेऊन आला. शशिकलाने कॅसेट आत घातली, थोडा आवाज ऐकला, आणि तेवढ्यात वीज गेली. "आवाज येतोय ना, झालं मग," असं म्हणून ती निवांत झोपली.

सकाळी ती तयारी करत असताना हरेशने रेडिओवर क्रिकेटचं समालोचन लावलं. त्याला ते टेप करायचं होतं. त्याने बहिणीची कॅसेट बाहेर काढून बाजूला ठेवली, स्वतःची कोरी कॅसेट आत घातली आणि लाल बटण दाबलं. मी हाताच्या अंतरावर होतो. त्याने तिच्या कॅसेटला याहून जास्त काहीही केलं नाही, हे मी सांगू शकतो. शशिकला आत आली तेव्हा मात्र तिला दिसलं ते एवढंच, की लाल बटण दाबलेलं आहे आणि तिची कॅसेट वेष्टणाबाहेर पडलेली आहे.

"काय करतोस रे?"

"माझ्या कॅसेटवर घेतोय. तुझी बाहेर काढून ठेवली."

घाई होती, ती निघाली.

प्रदर्शनात मला एका टेबलावर मांडलं होतं. समोर प्राचार्य, मुली, पालक. टेप सुरू झाली आणि मी ऐकू लागलो. मित्रांनो, त्या दिवशी मी किती जीव एकवटून ऐकत होतो, ते माझं मला माहीत. आवाज येत होता, सलग येत होता, त्यात मधे कुठेही खंड नव्हता. पण तो दबलेला होता. उशीखाली तोंड धरून कोणी बोलावं तसा. त्यातले बारीक, धारदार सूर माझ्यापर्यंत पोचतच नव्हते. अर्ध्या वाटेवर मी अडखळलो आणि पडद्यावर चूक झाल्याचा संदेश लिहिला. तिने टेप मागे नेली. या वेळी मी आधीच अडखळलो. तिसऱ्यांदा शेवटाजवळ. चौथ्यांदा सुरुवातीलाच. लोक पुढच्या टेबलाकडे गेले. "कम्प्युटर झोपलाय वाटतं," कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

घरी येऊन तिने हरेशला उभं केलं.

"तू आधी माझ्या कॅसेटवर बटण दाबलंस. खरं सांग."

"नाय दाबलं. शपथ."

"एक क्षण दाबलं तरी मधलं पुसलं जातं. तुला कळलंही नसेल."

"ताई, मी नाय पुसलं."

काळूराम दारात होता. "हात लावलास का नाय कॅसेटला?" त्याने विचारलं.

"लावला, पण…"

पुढचं कोणी ऐकलं नाही. काळूरामने त्याच्या थोबाडीत मारली. शशिकलाने आलेखाचे सगळे कागद बंबात घातले. मला टॉवेलात गुंडाळलं, तो नवा टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट माझ्याच सोबत पोत्यात गेली आणि आम्ही माळ्यावर चढलो. मी मनात ओरडत होतो, अरे, पुसलेलं नाही ते! मला नीट ऐकू आलं नाही, एवढंच! पण तारेविना मला कुठला आवाज?

खाली संसार चालू राहिला, तो मला माळ्यावर ऐकू येत असे. बहीणभावात उघड भांडण कधीच झालं नाही. झालं ते त्याहून वाईट. घरात एक वाक्य रुजलं, "ते हरेशकडे नको." शशिकला शिक्षिका झाली, चिरनेरला तिचं लग्न ठरलं. लग्नात कोणाकडे दागिन्यांची पेटी, कोणाकडे आहेर, कोणाकडे पाहुण्यांची यादी. हरेशने विचारलं, "माझ्याकडे काय?" तेव्हा ती हसून म्हणाली, "तू फक्त जेव." सगळे हसले. हरेशही हसला. पुढे पुढे तो स्वतःच तसं बोलू लागला. कळंबोलीला तो एका गोदामात लागला, तर तिथली चावी त्याने कधी घेतली नाही. "माझ्याकडं नको, हरवंल," असं तो इतक्या सहज म्हणे, की ऐकणाऱ्याला तो त्याचा स्वभावच वाटावा. काळूराम गेला तोही हाच समज मनात ठेवून. त्याचं मात्र आता काही करता येत नाही.

या वर्षी गावातलं जुनं घर पाडायला काढलं. हरेश केव्हाच करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. भामा त्याच्याकडेच असते. त्याची मुलगी मिताली तेवीस वर्षांची आहे. जाहिरातींसाठी आणि मालिकांसाठी ध्वनिमुद्रण करणं, खराब झालेला आवाज स्वच्छ करणं हा तिचा व्यवसाय. माळा रिकामा करायला ती आली आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवलेलं माझं पोतं तिने उघडलं.

"पप्पा! हा तुमचा कम्प्युटर? अजून आहे?"

"राहू दे ते. त्याला हात नको लावू," हरेश म्हणाला.

"भंगारात चाललेल्या वस्तूला काय होणारे?"

ती मला घेऊनच आली. माझ्या कळांखालची पातळ पट्टी कडक होऊन तुटली होती, आत दोन-तीन सुटे भाग सुकून गेले होते. पनवेलच्या बाजारातल्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याने ते बदलले. टेपरेकॉर्डरला नवा रबरी पट्टा बसवला आणि जुना डबा टीव्हीही चार दिवस वापरायला दिला. मला वीज मिळाली तेव्हा आधी वाटलं, आपण खलास होतोय. मग पांढरा पडदा दिसला आणि मी जिवंत असल्याचं मलाच कळलं.

रविवारची दुपार होती. भामा पलंगावर बसली होती, हरेश गॅलरीच्या दारात पाठमोरा उभा होता. मितालीने ती कॅसेट लावली. मी ऐकलं आणि अडखळलो. पुन्हा लावली, पुन्हा अडखळलो. तिसऱ्यांदाही तेच.

"सोड ना," हरेश म्हणाला. "पुसलंय ते. सगळ्यांना माहितीये कोणी पुसलं."

 मितालीने कानांवर हेडफोन चढवले होते आणि दर खेपेची वेळ ती कागदावर लिहून ठेवत होती.

"पप्पा, इकडे या. पहिल्यांदा हे तीन मिनिटांवर अडलं. मग एका मिनिटावर. आता पाचवर. टेप पुसलेली असती, तर ती दर वेळी एकाच जागी अडली असती ना?"

हरेश वळला.

"आणि आवाज कुठेही तुटत नाहीये. फक्त मंद आहे. ही टेप याच मशीनवर रेकॉर्ड केली होती का?"

"नाय," भामा पलंगावरून म्हणाली. "तो पयला टेप मोडला व्हता. ह्यो तुझ्या आजोबांनी मागनं आणला."

मिताली उठून छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. टेप वाचणारं जे टोक असतं, ज्याला हेड म्हणतात, त्याच्या कडेला एक बारीक स्क्रू असतो. त्याने त्या टोकाचा तिरपेपणा ठरतो. जुना रेकॉर्डर एका कोनात लिहीत होता, नवा दुसऱ्या कोनात वाचत होता. एवढाच फरक, केसाएवढा. ती टेप चालू ठेवून तो स्क्रू तीळ-तीळ फिरवू लागली. आणि मित्रांनो, एकाएकी माझ्या कानांवरची उशी निघाली! चीं चीं घर्र, धारदार, लख्ख, शशिकलाने जसं उतरवलं होतं तसं. मितालीने टेप मागे नेली. मी एकेक ठिपका ऐकत गेलो. पडद्यावर पहिला बांध उमटला, मग दुसरा. निळे वाफे, पांढरे वाफे, मिठाची रास.  शेवटी तो अकरा ठिपक्यांचा माणूस उभा राहिला आणि मी धवला वाजवू लागलो.

हरेश भिंतीला टेकून हळूहळू खाली फरशीवर बसला. पन्नाशीचा माणूस, पण आवाज बारा वर्षांच्या मुलाचा निघाला. "मी नव्हतं पुसलं."

"नव्हतंच पुसलंत, पप्पा," मिताली म्हणाली.

भामाने डोळ्याला पदर लावला. "आमी कोनी ऐकलाच नाय रं तुझा," ती म्हणाली.

मितालीने आत्याला फोन केला. फोनवर ती फक्त एवढंच म्हणाली, की आजी बोलावतेय. शशिकला चिरनेरहून निघून संध्याकाळी पोचली, काय झालं म्हणून घाबरलेली. तिने टीव्हीवरचं चित्र पाहिलं आणि हातातली पिशवी तिथेच ठेवली. पण ती शिक्षिका आहे. डोळ्यांना दिसलं म्हणजे पटलं, असं तिचं नसतं.

"आता कसं चाललं?" तिने विचारलं. "दुरुस्त केलंत का काही त्यात?"

"आत्या, तूच बघ." मितालीने मला बंद केलं, स्क्रू पूर्वीच्या जागी फिरवला आणि टेप लावली. मी अडखळलो. मग स्क्रू पुढे नेला. खरं सांगतो, मी तेव्हा फार घाबरलो होतो. दुपारपासून मी तापलो होतो, नवे भाग माझ्या अंगवळणी पडले नव्हते, आणि आता चुकलो असतो तर माझ्यावर पुन्हा कोणी विश्वास ठेवला नसता. मी कान देऊन ऐकलं. बांध उमटले, वाफे भरले, रास चढली. धवला सुरू झाला.

शशिकला पडद्याजवळ गेली आणि टोपीच्या त्या ठिपक्यावर तिने बोट ठेवलं. धवल्याचे सूर दुसऱ्या फेरीला लागले होते.

"मधल्या ओळीत एक सूर चुकलाय," भामाने मधेच सांगितलं. "तवा बी सांगितला व्हता."

त्यावर सगळ्यांना हसू फुटलं आणि त्या हसण्यातच शशिकलाचा बांध फुटला. ती हरेशसमोर फरशीवर बसली.

"बाने मारलं तुला. मी बघत उभी राहिले."

"जाऊ दे ताई. लहान होतो आपण."

"लग्नात लहान नव्हते मी."  मग उठून तिने कॅसेट बाहेर काढली, वेष्टणात घातली आणि त्याच्यापुढे धरली. "ही तुझ्याकडं ठेव."

"माझ्याकडं नको ताई. मिताली ठेवंल."

"मितालीकडं नाही. तुझ्याकडं."

हरेशने दोन्ही हात पुढे केले. ती कॅसेट त्याने अशी धरली, जशी एखाद्याने पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी धरावी. मग उठला, कपाट उघडलं, आपल्या कपड्यांच्या कप्प्यात ती ठेवली आणि कुलूप लावलं. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की पडद्यावर काही चुकीचं तर उमटणार नाही ना, याची मला भीती वाटली.

आता मी मितालीच्या टेबलावर असतो. शशिकला सुट्टीच्या दिवशी येते, चष्मा वर-खाली करत आलेखाच्या कागदावर नवे चौकोन भरते आणि माझ्या दोन रंगांच्या नियमावर पूर्वीसारखीच चिडते. मिताली माझे सूर टिपून घेते आणि त्यांच्याभोवती आपलं संगीत रचते.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जपा. आमच्यावर फडका टाका, ओलीपासून दूर ठेवा आणि भंगारात देण्याआधी आमच्या पोटात कोणाचं काय राहिलंय, ते एकदा बघा. पण याहून मोठी विनंती दुसरीच आहे. मला खरं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. हरेशला तोंड होतं आणि तो खरं बोललाही, पण त्याचं वाक्य अर्ध्यावर तोडलं गेलं. तुमच्यासमोर कोणी "पण…" म्हणून थांबलं ना, तर त्याचं पुढचं ऐकून घ्या.